सर्व्हरच्या डोक्यावर चंदनहार

नाना, तुमचा फोटो कुठे लावलाय ते आधी सांगते, म्हणजे वर बसल्या बसल्या तुम्हाला शिव्या द्यायला सुरुवात करता येईल. सर्व्हर रूममध्ये. ज्या कपाटात सर्व्हर आहे त्याच्या बरोब्बर वर खिळा ठोकलाय आणि फोटोला चंदनाचा हार घातलाय. हार एवढा लांब, की त्याचं टोक गरम हवा बाहेर पडते त्या जाळीवर लोंबतं. ज्या खोलीत तुम्ही कुणाला चहाचा कप आणू दिला नाहीत, तिथे आता रोज सकाळी शेठ स्वतः येऊन उदबत्ती लावतात, डोळे मिटून उभे राहतात आणि जातात. राख सर्व्हरवर पडते. मी पुसते.

तुमच्यासाठी मिलच्या कँटीनमध्ये बेसणं ठेवलं होतं. गुजराती रीत तुम्हाला ठाऊकच आहे, पांढरे कपडे घालून बसायचं, फोटोला फुलं वाहायची, गप्प उठायचं. शेठ मात्र गप्प उठले नाहीत. माइक हातात घेऊन म्हणाले, "नाना तो हमारा बॅकअप था." सगळ्यांनी डोळे पुसले. मी ओढणीचं टोक तोंडात धरलं, नाहीतर हसले असते. अहो शेठ, बॅकअप म्हणजे दुसरी प्रत. दुसरा नाना कुठे ठेवलाय तुम्ही, दाखवा की! पण बेसण्यात असं बोलत नाहीत.

तुमचं गाव, शिक्षण, नोकरी, सगळं बाहेरच्या फलकावर लिहिलंय. त्यात पारोळ्याच्या जागी पाचोरा झालंय. एवढी वर्षं मिल सांभाळणाऱ्या माणसाचं गाव यांना धड माहीत नाही, त्यामुळे ते काम मी फलकावरच सोडते. मला तुमच्याशी भांडायचंय. आपलं भांडण अर्धवट राहिलंय आणि तुम्ही मधूनच उठून गेलात.

सुरतजवळ, पलसाण्याच्या हायवेवरच्या आपल्या मिलमध्ये कोरं कापड येतं आणि रंगून बाहेर जातं. बाहेरच्या माणसाला वाटतं की मिल म्हणजे बॉयलर, वाफ आणि रंगाची पिंपं. खरी मिल त्या कपाटात आहे हे आपल्या दोघांना माहीत होतं. कोणत्या कापडाला कोणते रंग, किती, कोणत्या तापमानाला, किती वेळ, अशा हजारो शेडची कृती तिथे. ती गेली तर पोपटी मागणाऱ्या पार्टीला शेवाळी जातं आणि गाडी तशीच्या तशी परत येते. हे शेठनाही माहीत होतं, म्हणून तर ते त्याबद्दल ऐकून घेत नसत.

तुम्ही पहिल्यांदा त्यांच्या केबिनमध्ये गेलात तेव्हा मीही मागे उभी होते. तुम्ही सरळ म्हणालात, "शेठ, मिलमध्ये पाणी शिरलं, आग लागली, तर दुसऱ्या दिवशी काम कसं चालू करायचं, याचं काही ठरवून ठेवू या." शेठनी दोन्ही कानांवर हात ठेवले. "एवुं ना बोलाय, नाना. शुभ बोलो, शुभ बोलो." आणि लगेच गल्ल्यावरच्या लक्ष्मीच्या तसबिरीला हात लावून तो डोळ्यांना लावला, जणू तुम्ही बोललात म्हणूनच मिल पेटणार होती. बाहेर आल्यावर तुम्ही म्हणालात, "छत्री ली नको म्हने, पानी ई जाई!" आणि जिन्यावर बसून पोट धरून हसलात. मीही हसले. त्या वेळी आपल्याला ते फार गमतीचं वाटलं होतं.

मग आला वास्तुवाला. सर्व्हर ईशान्य कोपऱ्यात हवा म्हणाला. आपला ईशान्य कोपरा म्हणजे तळमजला, देवघराशेजारी, आणि भिंतीपलीकडे खाडी. तुम्ही पहिल्या मजल्यावरची कोरडी खोली दाखवलीत. तिथे जिग्नेशभाईंना, म्हणजे शेठच्या चिरंजीवांना, पाहुण्यांसाठी सोफे ठेवायचे होते. सोफे वर गेले, सर्व्हर खाली आला. पाणी आलं तर सोफे वाचतील याची मात्र पक्की तजवीज झाली.

आणि मग तुम्ही ती हुशारी केलीत, नाना. मी तेव्हाही म्हटलं होतं, आत्ताही म्हणते, ती करायला नको होती. दिवाळीत इथे चोपडापूजन असतं, हिशेबाच्या वह्यांची पूजा. चोपड्या संपल्या, तेव्हा लोक लॅपटॉपला हळद-कुंकू लावू लागले. तुम्ही पाटावर एक डिस्क ठेवलीत. साऱ्या शेडची प्रत तिच्यात होती. शेठना म्हणालात, "आपल्या सगळ्या चोपड्या आता हिच्यात आहेत. लक्ष्मी आहे ही. मिलमध्ये काय ठेवायची, बंगल्यावर देवघरात न्या." शेठचे डोळे पाणावले. लाल नाडा बांधून, चांदीच्या ताटात घालून त्यांनी ती डिस्क शहरातल्या बंगल्यावर नेली. परतीच्या बसमध्ये तुम्ही माझ्याकडे बघून डोळे मिचकावलेत. मिल जळाली, बुडाली, तरी एक प्रत लांब, सुखरूप. जे वर्षानुवर्षं समजावून जमलं नाही ते एका नारळात जमलं.

मी म्हटलं, "नाना, त्यांना सरळ सांगून पटवायला हवं होतं." तुम्ही म्हणालात, "गाढवापुढे वाचली गीता! त्याले काय समजस?"

दोन महिन्यांनी नवीन शेड भरायला तुम्ही डिस्क मागायला गेलात, तर शेठाणींनी दारातच अडवलं. पूजेत बसवलेली वस्तू उठवत नाहीत. पुढच्या दिवाळीपर्यंत नाही. तुम्ही म्हणालात, ती वस्तू आहे, मशीन आहे. त्या म्हणाल्या, "नाना, तमेज कह्युं हतुं ने, लक्ष्मी छे." तुम्हीच तर म्हणाला होतात. बिनपाण्याने झाली तुमची. त्यानंतर दर दिवाळीला एक दिवस डिस्क उठायची, भरायची आणि परत वर्षभर बसायची. आपली एकमेव सुखरूप प्रत वर्षभर शिळी होत राहायची, रोज सकाळी ताजं फूल डोक्यावर घेऊन.

यंदाच्या पावसाळ्यात खाडी भरली आणि व्हायचं तेच झालं. सकाळी आपण पोचलो तेव्हा ईशान्य कोपऱ्यात गुडघाभर काळं पाणी होतं. तुम्ही कपाटाचं दार उघडून नुसते बघत राहिलात. तुमच्या तोंडून शिवी न निघालेला तो एकच दिवस मी पाहिला. तिथून आपण ओल्या कपड्यांनिशी बंगल्यावर गेलो. शेठाणी म्हणाल्या, महाराज आले की विधी करून उठवू. महाराज त्यांच्याच सोसायटीत पाण्याने अडकलेले. शेवटी त्यांनी मोबाइलवर चेहरा दाखवून मंत्र म्हटले, शेठाणींनी फोन डिस्कसमोर धरला, आणि लक्ष्मीने उठायची परवानगी दिली. पंधरावीस माणसं पाण्यात उभं राहून मशीन उघडत होती आणि मिलची सगळी अक्कल एका व्हिडिओ कॉलवर अडली होती. तुम्ही दाराच्या चौकटीला टेकून उभे होतात. मला तुमची लाज वाटली नाही, त्यांची वाटली.

डिस्कची वायर जिथे खोचायची त्या फटीत कुंकू भरलेलं, आणि आत एक अक्षता. माझ्या ओढणीची सेफ्टी पिन घेऊन तुम्ही ती काढलीत, तळहातावर ठेवून माझ्यापुढे धरलीत आणि म्हणालात, "लगीन लागनं हिचं." डिस्क चालली. पण तिच्यात दिवाळीपर्यंतचंच सगळं होतं. त्यानंतरचा लग्नसराईचा माल, नव्या पार्ट्या, नवे रंग, सगळं खाडीत. लॅबमधला बालाजी नांदेडकडचा, तो कापडाचे तुकडे उन्हाकडे धरून एकेक शेड पुन्हा जुळवत बसला. बीडची, धुळ्याची पोरं गेटवरून परत जात राहिली, कारण रंगवायला काही नव्हतं.

आणि शेठ? शेठ म्हणाले, "लक्ष्मीए बचावी लीधा." लक्ष्मीने वाचवलं! डिस्क पुन्हा देवघरात गेली, या वेळी अकरा ब्राह्मण जेवले. बैल गेला नि झोपा केला म्हणतात. इथे झोपासुद्धा केला नाही, रिकाम्या गोठ्याची आरती केली.

जिग्नेशभाई शिकलेले, त्यांचा देवावर भरवसा नव्हता. त्यांचा इंटरनेटवर होता. एका मोठ्या पार्टीने विचारलं, संकटकाळाची तुमची योजना काय, तर त्यांनी एका बैठकीत योजना उतरवून घेतली, वर मिलचं नाव टाकलं आणि झकास बाइंडिंग केलं. तुम्ही पानं उलटत होतात. एके ठिकाणी थांबलात आणि मोठ्याने वाचलंत. हिमवादळात रस्ते बंद झाल्यास कर्मचाऱ्यांनी काय करावं याचं एक पूर्ण पान होतं. "सुरतमा बरफ पडी तवय माले उठाडज्यात," म्हणून तुम्ही ती फाइल टेबलावर टाकलीत. पार्टीला ती योजना फार आवडली म्हणे.

हे सगळं मी तुमच्या बाजूने लिहिलं, कारण या बाबतीत मी तुमच्याच बाजूची आहे. आता दुसरी बाजू ऐका.

मी या मिलमध्ये लॉटचे नंबर टाइप करायला आले होते. माउस उलटा धरायचे. डब्याच्या सुट्टीत कळण्याची भाकरी आणि मिरचीचा ठेचा माझ्यापुढे सरकवून तुम्ही मला शिकवत गेलात. तारा ओळखायला शिकवलंत, मशीन उघडायला शिकवलंत. बाहेरचा इंजिनियर येऊन माझ्याकडे न बघता फक्त तुमच्याशी बोलायला लागला, की तुम्ही खुर्चीवरून उठायचात, मला तिथे बसवायचात आणि म्हणायचात, "इले सांग. मी तर म्हतारा शे." माझ्या घरात मी पहिली बाई, जिला कुणी असं उठून खुर्ची दिली. हे मी तुम्हाला कधी बोलून दाखवलं नाही. आभार मानले असते तर तुम्ही दोन शिव्या हासडल्या असत्या.

पण बालाजीला तुम्ही कधी शिकवलं नाहीत. त्याला ठोंब्या म्हणायचात. स्टोअरवाल्यांना बैल. जिग्नेशभाईंना उंटावरचा शहाणा. मला शिकवलंत तेही वायरी जोडण्यापर्यंतच. मुख्य किल्ली, ज्या पासवर्डने सगळं उघडतं तो, मलाही नाही. मी किती वेळा म्हटलं, की एक तरी माणूस पूर्ण तयार करा, आणि दर वेळी तेच, "त्याले काय समजस?" शेठला समजत नाही, शेठाणीला समजत नाही, बालाजीला समजत नाही. सगळ्या मिलमध्ये समजणारा एकच माणूस, आणि तो तुम्हाला मनातून फार आवडायचा, नाना. रात्री-बेरात्री, सणासुदीला तुम्हाला बोलावणं आलं की तुम्ही करवादायचात, पण चप्पल घालताना तुमची छाती फुगलेली असायची. मी पाहिलंय.

पाणी ओसरल्यावर, तुमचा रंग उतरलेला पाहून, मी एकदा धीर केला. म्हटलं, "नाना, तुम्हालाच काही झालं तर?"

तुम्ही माझ्याकडे असं बघितलंत, जसं काही मी तुमच्या ताटात माती टाकली. आणि म्हणालात, "शुभ बोल, पोरी."

त्या क्षणी तुमच्यात आणि शेठमध्ये मला काडीचा फरक दिसला नाही. फक्त कानांवर हात तेवढे तुम्ही ठेवले नाहीत. मी उठून डबा धुवायला गेले, आणि आपलं भांडण तिथेच राहिलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत तो रविवार. तुम्ही घरी होतात. मिलमधून बोलावणं आलं, प्रिंटर चालत नाही. तुम्ही निघालात आणि जिन्यातच कोसळलात. प्रिंटरची वायर निघाली होती, नाना. बालाजीने जाऊन खोचली. पासवर्ड तुमच्याबरोबर गेला, तो मोडायला बाहेरून माणूस आणावा लागला, आणि तो आठवडाभर आपल्या कपाटाला "हे काय करून ठेवलंय" असं म्हणत होता. मला त्याच्या कानाखाली द्यावीशी वाटली. तुम्हालाही.

बेसण्यानंतर शेठनी मला केबिनमध्ये बोलावलं. "अब तू ही हमारी नाना," म्हणाले. मला ती खुर्ची हवी होती, नाही कशाला म्हणू? माझ्याइतकं ते कपाट आता कुणालाच ठाऊक नाही. माझ्या लेकीने ऐकलं तेव्हा तिने उड्या मारल्या. पण मला दिसत होतं, की त्या खुर्चीबरोबर तुमचा जिनाही मला मिळणार आहे. मी मरेपर्यंत प्रत्येक निघालेली वायर माझी, आणि नंतर माझ्या फोटोला हार. म्हणून मी हो म्हणण्याआधी एक गोष्ट केली. तुम्ही जन्मभर जिची परवानगी मागत राहिलात, ती संकटाची रंगीत तालीम मी न विचारता केली.

सोमवारी लॅबमध्ये सांगून चालू लॉट पुरे करून घेतले, एकही मीटर कापड मशीनमध्ये नाही याची खात्री केली. मग भर कामाच्या वेळी सर्व्हरचं बटण बंद केलं आणि खुर्चीत हाताची घडी घालून बसले. बघू या, मिल काय करते.

मिलने काय केलं माहीत आहे? मिलने तुम्हाला फोन लावला.

स्टोअरवाल्याने लावला. डिस्पॅचवाल्याने लावला. गेटवरच्याने लावला. कुणालाही आठवलं नाही. सवयच ती, बोटं आपोआप तुमच्या नंबरवर गेली. मी ऑफिसात आले तर जिग्नेशभाई ती बाइंडिंगची योजना उघडून बसले होते. संकटकाळी संपर्काच्या पानावर पहिलं नाव तुमचं होतं, आणि खाली लिहिलं होतं की वरील क्रमांक न लागल्यास पुन्हा प्रयत्न करावा. दुसरं नाव नव्हतं. आणि त्यांनी, नाना, चंदनाचा हार ज्यांनी स्वतः पसंत केला त्या जिग्नेशभाईंनी, तो नंबर लावून फोन स्पीकरवर ठेवला.

तुमचा फोन आता घरी काकूंजवळ असतो, त्यांनीच उचलला. त्यांचा आवाज ऐकल्यावर जिग्नेशभाईंचा चेहरा पांढरा पडला. शेठ समोरच होते. काकू चिडल्या नाहीत. शांतपणे म्हणाल्या, "साब, इतने साल आपका फोन आया तो मैं झूठ बोलती थी, वो घर में नहीं है करके. दो घास सुख से खा लें बोलके. वो अंदर से आके मेरे हाथ से फोन ले लेते थे. आज सुबह से सबको सच बोल रही हूँ. वो घर में नहीं है."

फोन ठेवल्याचा आवाज आला. 

मग जिग्नेशभाईंनी तुमचं नाव खोडलं, आणि मला वाटलं, चला, माणसाला निदान लाज आहे. तर त्यांनी पेन माझ्यापुढे केलं. "यहाँ आपका नंबर लिख दो."

मी नाही म्हटलं. म्हटलं, इथे तीन नावं येतील, त्यात एक बालाजीचं, आणि मी रजेवर असताना त्यांना मिल उभी करता येईपर्यंत दर महिन्याला मी हे बटण असंच बंद करणार. डिस्क देवघरातून उठेल, दुसरी बसेल, आणि दर आठवड्याला ती बदलेल. सर्व्हर वरच्या मजल्यावर जाईल. सोफे खाली येतील. एकटीचं नाव हवं असेल तर माझा हिशेब आजच करा.

शेठ कळवळून म्हणाले, "शुभ बोलो, बेन."

मी म्हटलं, "शेठ, मी मरणार आहे. तुम्हीही मरणार. जिग्नेशभाईही. यात अशुभ काय? मिल चालू राहायला हवी की नको, तेवढं सांगा."

 शेठनी मान हलवली, बारीकशी. जिग्नेशभाई सोफ्यांचं काहीतरी पुटपुटले, तर शेठ त्यांच्यावर खेकसले.

नुसतं बटण दाबून आपलं कपाट उठत नाही, एकेक गोष्ट क्रमाने चालू करावी लागते, हे तुम्हाला ठाऊकच आहे. मग मी बालाजीला खुर्चीत बसवलं आणि स्वतः मागे उभी राहिले. त्याने दोनदा चुकवलं. एकदा तर सगळं पुन्हा पहिल्यापासून करावं लागलं. तुमचे शब्द माझ्या जिभेच्या टोकावर आले होते, आणि मी ते गिळले. त्याच्या कपाळावरून घाम टपकत होता, पण तो खुर्चीवरून उठला नाही. दिवस मावळायच्या आत पहिली शेड पडद्यावर आली, खाली कापड रंगवणारी जिगर मशीनं फिरायला लागली आणि वाफेचा वास आला.

मिल सुरू झाली, नाना. तुमच्याशिवाय. एवढी वर्षं आपण दोघं ज्याच्यासाठी भांडलो ते हेच होतं ना? मग मी बायकांच्या संडासात जाऊन, दार लावून, नळ सोडून एवढी का रडले, ते तुम्हीच सांगा.